बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी (१९३४) : या संस्थेच्या इतिहासाविषयी माहिती हवी आहे

जुनी मुंबई

नमस्कार.

आकाशवाणीचे केंद्र सकाळी सुरू होताना तंबोऱ्याच्या नादावर वाजणारी व्हायोलिनची ती धून आपल्यापैकी अनेकांनी लहानपणापासून ऐकलेली आहे. तिचे रचनाकार म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, त्या वॉल्टर कॉफमन यांच्याविषयी वाचताना असे कळले की, १९३४ साली मुंबईत आल्यावर काही महिन्यांतच त्यांनी ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ नावाची संस्था स्थापन केली आणि विलिंग्डन जिमखान्यात दर गुरुवारी तिचे कार्यक्रम होऊ लागले.

मुंबईच्या संगीतजीवनावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. पारशी गायनोत्तेजक मंडळी, विष्णु दिगंबरांचे गांधर्व महाविद्यालय, गिरगावातल्या लक्ष्मीबागेतील मैफली, गणेशोत्सवातली गाणी हे सारे त्यात येते. मात्र त्याच शहरात, त्याच वर्षांत, दर आठवड्याला पाश्चात्त्य अभिजात संगीत वाजवणारी एक छोटी संस्था होती, याचा उल्लेख माझ्या वाचनात आला नव्हता. म्हणून येथील जाणकारांना विचारतो आहे. या संस्थेत कोण वाजवत असे? ती केवळ मुंबईतल्या युरोपीय लोकांची हौस होती की येथल्या माणसांचाही तिच्यात वाटा होता? पुढे तिचे काय झाले? आणि तिचा आपल्या रागसंगीताशी काही संबंध आला का?

आगाऊ आभार.

---

षड्ज

‘जुनी मुंबई’ यांनी विचारलेला विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

वॉल्टर कॉफमन यांचा जन्म १९०७ साली कार्ल्सबाड येथे झाला. आज ते गाव चेक प्रजासत्ताकात कार्लोवी व्हारी या नावाने ओळखले जाते. बर्लिनच्या संगीतशाळेत फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे त्यांनी रचनाशास्त्राचे शिक्षण घेतले. वाद्यांचे आणि जगभरच्या संगीतपरंपरांचे मोठे अभ्यासक कुर्ट झाक्स हेही त्यांचे शिक्षक होते. पुढे प्रागच्या जर्मन विद्यापीठात त्यांनी संगीतशास्त्राचा अभ्यास केला, पण तेथील मार्गदर्शक प्राध्यापक नाझी विचारांचे असल्याचे समजल्यावर त्यांच्या हातून पदवी घेण्यास नकार दिला. कॉफमन ज्यू होते. १९३३ च्या जानेवारीत हिटलरच्या हाती सत्ता आल्यानंतर जर्मनीतल्या ज्यू संगीतकारांना नाटकगृहांतून, वाद्यवृंदांतून आणि शाळांतून काढून टाकण्यास सुरुवात झाली. हिंदुस्थानात येण्याचा परवाना त्या काळी त्यांना सहज मिळण्यासारखा होता आणि १९३४ च्या फेब्रुवारीत ते मुंबईत उतरले.

परवाना हे एक कारण झाले. दुसरे कारण त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे आणि ते मला फार मोलाचे वाटते. भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा ते संगीत त्यांना परके आणि अनाकलनीय वाटले होते. परंतु ज्या संगीतावर लाखो लोक प्रेम करतात आणि जे बुद्धी आणि हृदय असलेल्या माणसांनीच घडवले आहे, ते आपल्याला कळत नसेल तर उणीव आपल्याकडे आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि ते जेथे निर्माण झाले तेथेच जाऊन त्याचा अभ्यास करायचे ठरवले. त्या काळातल्या युरोपीय अभ्यासकांमध्ये इतकी सरळ आणि नम्र भूमिका क्वचितच आढळते.

मुंबईत त्यांचे वास्तव्य वॉर्डन रोडलगतच्या रेवा हाउसमध्ये, महालक्ष्मीच्या देवळापासून जवळच होते. हाताशी नोकरी नव्हती आणि ओळखी थोड्या होत्या. अशा स्थितीत संगीतकाराने मोठा वाद्यवृंद उभारायचे मनात आणले तर त्याला साठ-सत्तर वादक, मोठे सभागृह आणि भांडवल लागते. चेंबर म्युझिकचे तसे नाही. त्यात तीन, चार, फार तर आठ-नऊ वादक असतात, प्रत्येकाच्या वाट्याला स्वतंत्र स्वरावली असते आणि हातात छडी घेऊन समोर उभा राहणारा कोणी संचालक नसतो. वादकांनी एकमेकांकडे पाहत, एकमेकांचा श्वास ओळखत वाजवायचे असते आणि ऐकणाऱ्यांनी जवळ बसून ऐकायचे असते. हायडन, मोत्सार्ट, बीथोव्हन, शूबर्ट आणि ब्राम्स यांचे सर्वांत अंतर्मुख लेखन याच प्रकारात आहे. निर्वासित माणसाला परक्या शहरात जे संगीत लगेच उभे करता येण्यासारखे होते, ते हेच.

संस्थेच्या प्रारंभीच्या वादकांमध्ये तीन नावे निश्चित आहेत. पियानोवर स्वतः कॉफमन, व्हायोलिनवर मेहली मेहता आणि चेलोवर एजिदिओ व्हेर्गा. म्हणजे एक बोहेमियातून आलेला ज्यू, एक मुंबईचा पारशी आणि एक इटालियन. उपलब्ध नोंदींप्रमाणे १९३७ च्या मे महिन्यापर्यंत संस्थेचे १३६ कार्यक्रम झाले होते. कॉफमन मुंबईत उतरल्यापासून तोवर सुमारे १७० गुरुवार येतात. आरंभीची जुळवाजुळव आणि सुट्ट्या वजा केल्या तर जवळजवळ एकही गुरुवार रिकामा गेला नसावा, असेच या आकड्यावरून दिसते. दर आठवड्याला नवी रचना बसवणे, तिची तालीम करणे आणि ती श्रोत्यांपुढे ठेवणे हे किती कष्टाचे काम आहे, ते ज्यांनी कधी चार वादकांना एका वेळेला एका खोलीत जमवले असेल त्यांना सांगावे लागणार नाही. त्यातून मुंबईच्या पावसाळ्यात व्हायोलिन आणि चेलोचे सरसाने चिकटवलेले सांधे सुटतात आणि आतड्याच्या तारा दर काही मिनिटांनी बेसूर होतात. या परिस्थितीत तीन वर्षे हा क्रम टिकवणाऱ्या माणसांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

---

मांडवीकाठ

षड्ज यांच्या उत्तराला जोड म्हणून वादकांविषयी लिहितो, कारण ही युरोपीय लोकांची हौस होती का, हा प्रश्न तेथेच सुटतो.

मेहली मेहता यांचा जन्म १९०८ चा, मुंबईचाच. सोसायटी सुरू झाली त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे १९३५ मध्ये, त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्राची उभारणी केली आणि १९४० मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट हे चौघांचे स्वतंत्र मंडळ काढले. गुरुवारच्या कार्यक्रमांतून जी शिस्त आणि जी आवड तयार झाली, तिचाच हा पुढचा टप्पा होता, असे मी मानतो. त्यांच्या घराच्या दिवाणखान्यात या मंडळांच्या तालमी चालत आणि १९३६ मध्ये जन्मलेला त्यांचा थोरला मुलगा त्या ऐकत मोठा झाला. तो मुलगा म्हणजे झुबिन मेहता. वयाच्या अठराव्या वर्षी, १९५४ मध्ये, ते व्हिएन्नाला शिकायला गेले. त्यांच्या पहिल्या शिक्षणाचा विचार करताना लोक व्हिएन्नापासून सुरुवात करतात, पण त्यांचे कान मुंबईतल्या त्या तालमींनी तयार केले होते.

पारशी समाजाबरोबर गोव्याच्या वादकांचेही नाव घेतले पाहिजे. पोर्तुगीज राजवटीत गोव्यातल्या चर्चला जोडलेल्या शाळांमध्ये मुलांना अक्षरओळखीबरोबर स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत, कारण चर्चमधल्या गायनाला आणि वादनाला माणसे लागत. ही विद्या घेऊन पिढ्यान्‌पिढ्या गोंयकार मुंबईला आले आणि धोबीतलावच्या परिसरात आपापल्या गावाच्या कुडांमध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक वसतिगृहांत, राहिले. त्यांनी पोलीस आणि लष्करी बँडमध्ये, हॉटेलांच्या नृत्यगृहांत आणि मूकपटांच्या थिएटरांत वाजवले आणि बोलपट आल्यावर स्टुडिओत काम धरले. समोर ठेवलेला कागद पाहून जे लिहिले आहे ते पहिल्याच वाचनात वाजवू शकणारा वादक मुंबईला सहज उपलब्ध होता, तो या शाळांमुळे. बॉम्बे सिम्फनीच्या रांगा त्यांच्याशिवाय भरल्याच नसत्या.

या वादकांची पाश्चात्त्य अभिजात संगीताची ओढ केवळ पोटापुरती नव्हती, याचे उत्तम उदाहरण म्हणजे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. चित्रपटांसाठी वाद्यवृंदाचे लेखन करत असतानाच त्यांनी रागांवर आधारलेल्या सिम्फनी रचनांचा ध्यास घेतला आणि १९५८ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात मोठ्या वाद्यवृंदासह त्या सादर केल्या. त्या कार्यक्रमात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले होते. कॉफमन यांनी मुंबई सोडल्याला तेव्हा बारा वर्षे झाली होती, पण राग आणि पाश्चात्त्य वाद्यरचना एकत्र कशा आणायच्या, या ज्या प्रश्नाला त्यांनी हात घातला होता तोच प्रश्न गोन्साल्विस यांनी दुसऱ्या बाजूने, येथल्या मातीतून, सोडवायला घेतला होता.

---

गिरगावची रसिका

दोन्ही उत्तरे माहितीपूर्ण आहेत, तरीही एक बाजू मांडावीशी वाटते. वादक येथले होते हे खरे, पण श्रोत्यांचे काय? जिमखान्यातला गुरुवारचा कार्यक्रम म्हणजे सभासदांचा आणि त्यांच्या परिचितांचा मेळावा असणार. गिरगावातला कारकून किंवा परळचा गिरणी कामगार तेथे पोहोचणे शक्य नव्हते. त्याच काळात लक्ष्मीबागेत किंवा गणेशोत्सवाच्या मांडवात मोठमोठ्या गवयांचे गाणे ऐकायला मात्र कोणीही जाऊन बसू शकत होते. सोसायटीचा इतिहास लिहिताना हा फरक झाकू नये.

माझ्या मते ही कोंडी काही अंशी फोडली ती रेडिओने. कॉफमन १९३७ मध्ये ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख झाले आणि १९४६ पर्यंत तेथे होते. जिमखान्याच्या दालनात मूठभर लोकांसाठी वाजणारे संगीत त्यामुळे रेडिओलहरींवरून घरोघर जाऊ लागले. रेडिओचा संच आणि वर्षाला दहा रुपयांचा परवाना हासुद्धा सर्वांना परवडणारा खर्च नव्हता, पण संच असलेल्या एका घरात किंवा इराण्याच्या हॉटेलात दहा-पंधरा माणसे ऐकत. त्यांनी रेडिओसाठी ‘अनसूया’ हा ऑपेराही रचला आणि तो १९३८ मध्ये मुंबई केंद्रावरून प्रसारित झाला. म्हणून सोसायटीचा पुढचा अध्याय रेडिओच्या इतिहासातच शोधावा लागेल.

धुनेबद्दल एक खुलासा करते. काही ठिकाणी तिचे श्रेय ठाकूर बलवंत सिंग यांना, तर काही ठिकाणी दिल्ली केंद्रावर काम केलेले इंग्लिश संगीतकार जॉन फाउल्ड्स यांना दिलेले आढळते. बहुसंख्य अभ्यासक मात्र ती १९३६ मधील कॉफमन यांची रचना मानतात, आणि ती धून वाजवणारे व्हायोलिनवादक म्हणून मेहली मेहता यांचे नाव सांगितले जाते. हे जर खरे असेल, आणि मला ते खरे वाटते, तर गुरुवारी जिमखान्यात एकत्र बसणाऱ्या दोन माणसांचे काम आपण सर्वांनी वर्षानुवर्षे रोज सकाळी ऐकले आहे, मग आपण त्या जिमखान्याच्या दारात उभे राहण्याच्या योग्यतेचे मानले गेलो असतो किंवा नसतो.

---

जुनी मुंबई

तिघांचेही मनःपूर्वक आभार. रसिकाताई, श्रोत्यांविषयीचा आपला मुद्दा मला पूर्ण पटला. दोन गोष्टी अजून जाणून घ्यायच्या आहेत : रागसंगीताचा अभ्यास करण्याचा जो हेतू घेऊन कॉफमन आले, तो कितपत सिद्धीस गेला, आणि सोसायटीच्या मागे मुंबईत काय उरले?

---

षड्ज

पहिल्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक आहे. कॉफमन यांनी मुंबईतल्या बारा वर्षांत प्रवास केला, गायक-वादकांना ऐकले आणि भरपूर टिपणे केली. मध्य प्रांतातल्या गोंड आणि बैगा लोकांच्या गीतांवरील त्यांचा लेख १९४१ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रतिष्ठित संगीतविषयक त्रैमासिकात प्रसिद्ध झाला. पुढे १९६८ मध्ये उत्तर हिंदुस्थानी रागांवरचा आणि १९७६ मध्ये दाक्षिणात्य रागांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. पहिल्या ग्रंथातली रागांची मांडणी पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या दहा थाटांनुसार, म्हणजे रागांच्या वर्गीकरणासाठीच्या दहा मूळ स्वरसप्तकांनुसार, केलेली आहे, ही मराठी वाचकाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

येथे मला या दोघांच्या मुंबईविषयी थोडे बोलावेसे वाटते. भातखंडे १८८४ मध्ये पारशी गायनोत्तेजक मंडळीत दाखल झाले. १८७० मध्ये कैखुश्रू काबराजी यांनी स्थापन केलेल्या या मंडळीत सभासदांना उस्तादांकडून हिंदुस्थानी संगीत शिकण्याची आणि ऐकण्याची सोय होती. भातखंड्यांना शेकडो बंदिशी ऐकायला आणि गोळा करायला जी पहिली संधी मिळाली, ती या स्थानिक, सभासदांच्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेमुळे. मंडळीच्या स्थापनेनंतर सुमारे साठ वर्षांनी त्याच शहरातल्या पारशी रसिकांमधून पाश्चात्त्य संगीताच्या छोट्या मंडळाला वादक मिळाला. भातखंडे १९३६ च्या सप्टेंबरात गेले, म्हणजे सोसायटीचे गुरुवार रंगत होते तेव्हा ते मुंबईतच, शेवटच्या आजारपणात होते. मुंबईच्या संगीताचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या दोन संस्थांची प्रकरणे शेजारी शेजारी ठेवावीत, असे मला फार वाटते. माणसे वेगळी आणि संगीत वेगळे असले, तरी ती चालवण्याची रीत एकच होती : हौशी आणि व्यावसायिक एकत्र जमायचे, नियमित वाजवायचे किंवा गायचे, आणि त्यातूनच जाणता श्रोता घडवायचा.

दुसरा परिणाम कॉफमन यांच्या स्वतःच्या रचनांमध्ये दिसतो. मुंबईत असताना त्यांनी अनेक स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे दोन व्हायोलिन, व्हियोला आणि चेलो अशा चार तंतुवाद्यांसाठीच्या रचना, लिहिली. त्यांत रागांच्या स्वरावलींची छाया आणि तंबोऱ्यासारखा खाली धरून ठेवलेला आधारस्वर जागोजागी येतो. धुनेचे नाते शिवरंजनीशी जोडले जाते. मध्यम-निषाद वर्ज्य आणि कोमल गांधार असलेला तो राग ऐकणाऱ्याला ते लगेच जाणवेल. मात्र गायकी किंवा आलापीची नक्कल त्यांनी केलेली नाही, हे मला विशेष आवडते. राग त्यांच्या लेखनात पाहुण्यासारखा न येता व्याकरणासारखा मुरलेला आहे. या रचना अनेक दशके कोणी वाजवत नव्हते. कॅनडातील टोरंटोच्या एआरसी आँसांब्ल या मंडळाने त्यांची सातवी आणि अकरावी क्वार्टेट आणि आणखी काही रचना ध्वनिमुद्रित करून २०२० मध्ये प्रसिद्ध केल्या, त्यामुळे आता त्या कोणालाही ऐकता येतात. अकराव्या क्वार्टेटपासून सुरुवात करावी, अशी माझी शिफारस आहे.

---

मांडवीकाठ

मागे काय उरले, याविषयी.

मेहली मेहता १९४५ मध्ये पुढील शिक्षणासाठी न्यूयॉर्कला गेले आणि कॉफमन यांनी १९४६ मध्ये मुंबई सोडली. काही वर्षांनी मेहता परतले आणि १९५२ मध्ये यहुदी मेन्युइन पहिल्यांदा भारतात आले तेव्हा त्यांच्या साथीला मुंबईचे वादक उभे राहिले, परंतु १९५५ च्या सुमारास मेहतांनीही इंग्लंडची वाट धरली. ते मँचेस्टरच्या हाले वाद्यवृंदात रुजू झाले, नंतर अमेरिकेत स्थायिक झाले आणि लॉस एंजलिसला तरुण वादकांचा वाद्यवृंद तीस वर्षांहून अधिक काळ चालवला. कॉफमन कॅनडातल्या विनिपेगच्या सिम्फनीचे संचालक झाले, तेथून १९५७ मध्ये इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक म्हणून गेले आणि १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले. अशा रीतीने ज्या दोन माणसांवर हे काम उभे होते ती दोघेही मुंबईबाहेर गेली. मुंबईने त्यांना थांबवण्यासाठी पगारी वादकांचा कायमचा वाद्यवृंद उभारला नाही, याची मला खंत वाटते.

तरी धागा तुटला नाही. १९६२ मध्ये बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा सुरू झाला, मेहली मेहता यांच्या नावाने १९९५ पासून एक प्रतिष्ठान मुलांना संगीत शिकवते आहे आणि २००६ मध्ये नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्राने सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन केला. गोव्यात आन्तोनियो फोर्तुनातो दे फिगेरेदो यांनी १९५२ मध्ये संगीत अकादमी काढली आणि तिची परंपरा आज कला अकादमीचा पाश्चात्त्य संगीत विभाग चालवतो.

---

गिरगावची रसिका

‘जुनी मुंबई’, आपण यावर मराठीत सविस्तर लिहिणार असाल तर मूळ साधनांकडे जरूर वळा. १९३४ ते १९३७ या काळातल्या मुंबईच्या इंग्रजी दैनिकांच्या जुन्या फायली आणि ‘द इंडियन लिसनर’ हे रेडिओचे पाक्षिक पाहण्यासारखे आहे. त्या पाक्षिकात मुंबई केंद्रावरच्या पाश्चात्त्य संगीताचे कार्यक्रम रचनांच्या आणि वादकांच्या नावांसह छापलेले असत, त्यामुळे सोसायटीतले कोणते वादक पुढे रेडिओवर गेले हे पडताळता येईल. कॉफमन यांची हस्तलिखिते आणि कागदपत्रे ब्लूमिंग्टनला इंडियाना विद्यापीठाच्या संगीत ग्रंथालयात जतन केलेली आहेत. शक्य झाल्यास प्रथम गुरुवारच्या कार्यक्रमपत्रिका शोधा, कारण त्यांवर व्हियोला आणि दुसरे व्हायोलिन वाजवणाऱ्यांची नावे असतील, आणि ती नावे अजून कोणीच नीट नोंदवलेली नाहीत.